मृगाच्या पोटातील बाणाचे वय

हिवाळ्यात आकाशदर्शनाला आलेली मुले एक प्रश्न हमखास विचारतात: हे तारे कधीपासून आहेत? सोबतचे पालक बहुधा आपणच उत्तर देऊन टाकतात, की पहिल्यापासून. ध्रुवबाळाच्या गोष्टीतले अढळपद आपल्या मनात इतके खोल रुजलेले असते की, तारे जन्मतात आणि मरतात हे शाळेत शिकल्यावरही, त्यांचे जन्म फार पूर्वी केव्हातरी उरकून गेले असावेत असेच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मृग नक्षत्राच्या मध्यभागी एका ओळीत दिसणारे जे तीन तारे, ज्यांना आपण हरणाच्या पोटात रुतलेला व्याधाचा बाण म्हणतो, त्यांचे वय एक कोटी वर्षांपेक्षाही कमी आहे. डायनोसॉर नामशेष होऊन सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली, म्हणजे त्यांच्यापैकी एकानेही हा बाण पाहिलेला नाही. माणसाचा आणि चिंपांझीचा वंश वेगळा होऊ लागला, साधारण त्याच सुमारास आकाशात हा बाण दिसू लागला असावा.

तारे आजही जन्म घेत आहेत, हे विधान आता पाठ्यपुस्तकात एका वाक्यात येते. ते निव्वळ तर्काने आणि गणिताने पटवून देण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात ज्या एका माणसाकडे जाते, त्याचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. व्हिक्टर अंबार्त्सुमियान हे त्याचे नाव, आणि आर्मेनिया हा त्याचा देश. आर्मेनियाच्या १०० द्रामच्या नोटेवर त्याचे चित्र छापले गेले आहे. शास्त्रज्ञाला चलनी नोटेवर बसवणारे देश जगात थोडेच आहेत.

अंबार्त्सुमियानचा जन्म १९०८ साली तिफ्लिसमध्ये, म्हणजे आजच्या तिबिलिसीत, एका आर्मेनियन कुटुंबात झाला. वडील भाषांचे अभ्यासक होते आणि होमरचे 'इलियड' त्यांनी आर्मेनियन भाषेत आणले होते. मुलाने मात्र गणिताची वाट धरली. लेनिनग्राडमध्ये शिक्षण आणि पुल्कोवो वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ बेलोपोल्स्की यांच्या हाताखाली संशोधन, असा त्याचा सुरुवातीचा प्रवास आहे. दुसऱ्या महायुद्धात विद्यापीठाचा काही भाग रशियाच्या तातारस्तानातील येलाबुगा या गावी हलवावा लागला, आणि तेथे, युद्धाच्या धामधुमीत, त्याने धुक्यासारख्या गढूळ माध्यमातून प्रकाश कसा परततो या किचकट प्रश्नाला एक विलक्षण साधी किल्ली शोधली. अथांग खोलीच्या धुक्यावर त्याच धुक्याचा आणखी एक पातळ थर चढवला, तर धुके अथांगच राहते. म्हणून त्याच्या परावर्तनात काहीही फरक पडता कामा नये. एवढ्याच अटीवरून उत्तराचे समीकरण मिळते आणि धुक्याच्या आत काय चालले आहे हे सोडवत बसावे लागत नाही. आपल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी पुढे याच तत्त्वाचा मोठा विस्तार केला आणि त्याचे मूळ श्रेय अंबार्त्सुमियानला दिले.

युद्ध संपता संपता तो आर्मेनियात आला आणि १९४६ मध्ये अरागात्स पर्वताच्या दक्षिण उतारावरील ब्युराकान या खेड्यात त्याने वेधशाळा उभी करायला घेतली. येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. आर्मेनियातील खगोलशास्त्राविषयी समाजमाध्यमांवर जे फिरते त्यात ब्युराकान क्वचितच असते. असतात ती सिसियान गावाजवळची भोके पाडलेली उभी पाषाणे, आणि ती साडेसात हजार वर्षांपूर्वीची वेधशाळा असल्याचा दावा. पुरातत्त्वज्ञांच्या मते ती जागा प्रामुख्याने कांस्ययुगापासूनची दफनभूमी आहे. प्राचीन विमानांच्या गोष्टींनी आपल्याकडे जे नुकसान होते तेच तेथेही होते: कल्पित पूर्वजांच्या गौरवात खरे काम केलेली माणसे झाकली जातात.

अंबार्त्सुमियानच्या युक्तिवादाकडे वळण्यापूर्वी त्याची पार्श्वभूमी पाहू. १९३०च्या दशकात जेम्स जीन्स या थोर ब्रिटिश शास्त्रज्ञाचे म्हणणे असे होते की आपली आकाशगंगा सुमारे दहा लाख कोटी वर्षे, म्हणजे एकावर तेरा शून्ये इतकी वर्षे जुनी असावी. बंद डब्यातील वायूचे रेणू एकमेकांवर आदळत राहिले की काही काळाने त्यांच्यात ऊर्जेची ठरावीक वाटणी होते. तारेही एकमेकांजवळून जाताना गुरुत्वाकर्षणाने एकमेकांना किंचित ढकलतात, पण तारे इतके विरळ आहेत की त्यांच्यात तशी वाटणी व्हायला प्रचंड काळ लागेल. जोडताऱ्यांच्या कक्षांमध्ये ती वाटणी झालेली दिसते, म्हणून तेवढा काळ लोटला असला पाहिजे, असे जीन्सचे अनुमान होते. अंबार्त्सुमियानने १९३७ मध्ये दाखवले की कक्षांच्या आकारांची जी आकडेवारी जीन्सने पुरावा म्हणून घेतली होती ती ऊर्जेची वाटणी पूर्ण न होताही तशीच मिळू शकते. उलट, एकमेकांपासून खूप दूर राहून फिरणाऱ्या जोड्या तपासल्या, तर समतोल झाल्यावर असायला हव्यात त्यापेक्षा त्या कितीतरी अधिक संख्येने शिल्लक आहेत. त्यांना फोडायला ताऱ्यांना अजून पुरेसा वेळच मिळालेला नाही. यावरून आकाशगंगेच्या वयाची मर्यादा जीन्सच्या आकड्याच्या सुमारे हजाराव्या भागावर, हजार कोटी वर्षांच्या आसपास आली, आणि आज मान्य असलेले वयही त्याच मापाचे आहे.

या कामातून त्याला एक सवय लागली असावी, असे मला त्याचे सारे काम पाहताना वाटते: ताऱ्याचे वय त्याच्या प्रकाशावरून शोधण्याआधी त्याच्या सोबतीवरून शोधायचे. १९४७ मध्ये त्याने हीच रीत आकाशगंगेतील सर्वांत तप्त आणि तेजस्वी ताऱ्यांना लावली.

हे निळसर तारे, ज्यांना वर्णपटाच्या वर्गीकरणात 'ओ' आणि 'बी' अशी अक्षरे आहेत, संख्येने अत्यंत थोडे असतात. 'ओ' वर्गाचा तारा तर दहा लाखांत एकही सापडत नाही. तरीही ते आकाशात सर्वत्र सारखे विखुरलेले नाहीत. मृगात, ययातीत आणि अशा आणखी काही ठिकाणी त्यांचे घोळके दिसतात. हे घोळके कृत्तिकेसारखे घट्ट तारकागुच्छ मात्र नाहीत. ते शेकडो प्रकाशवर्षांच्या विस्तारात इतके विरळ पसरलेले असतात की त्याच जागेत असलेल्या सामान्य ताऱ्यांची गर्दी त्यांच्याहून कितीतरी दाट असते. अशा घोळक्याला आपण तारकासंघ म्हणू.

आषाढीला पंढरपुरात उसळलेल्या गर्दीत चारशे पावलांच्या अंतरात एकाच दूरच्या खेड्यातील वीस माणसे दिसली, तर काय समजावे? लाखोंच्या गर्दीत ती योगायोगाने जवळ आली असतील, हे जवळजवळ अशक्य आहे. त्यांनी एकमेकांचे हात धरलेले नाहीत आणि मधून अनोळखी माणसांचे लोंढे वाहत आहेत, म्हणजे ती फार वेळ जवळ राहू शकणार नाहीत हेही उघड आहे. जी माणसे योगायोगाने जमू शकत नाहीत आणि एकत्र टिकूही शकत नाहीत, ती तरीही जवळ दिसत असतील, तर ती एकाच एसटीतून नुकतीच उतरली आहेत, एवढाच निष्कर्ष उरतो. अंबार्त्सुमियानचा युक्तिवाद नेमका हाच आहे.

आता हात न धरण्याचा मुद्दा गणितात पाहू. सूर्याच्या परिसरात दहा घन पारसेक जागेत सरासरी साधारण एका सूर्याइतके द्रव्य आहे. एक पारसेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षे. आकाशगंगेचे सर्व तारे केंद्राभोवती फिरतात, पण चाक फिरते तसे एकसंध फिरत नाहीत. केंद्राच्या जवळचा तारा आपली फेरी लवकर पुरी करतो आणि दूरचा मागे पडतो. त्यामुळे कोणत्याही घोळक्याच्या आतल्या आणि बाहेरच्या कडा सतत एकमेकींपासून ओढल्या जातात. ही ओढ सहन करायची असेल तर घोळक्याचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण पुरेसे हवे, आणि त्यासाठी त्याची घनता वर सांगितलेल्या घनतेहून बरीच अधिक हवी. कृत्तिका या कसोटीला उतरते, म्हणून दहा कोटी वर्षांनंतरही ती एकत्र आहे. तारकासंघ या कसोटीला उतरत नाही. ज्या सूर्याला एका फेरीसाठी वीस कोटींहून अधिक वर्षे लागतात, त्याच्या एका फेरीच्या छोट्याशा अंशातच असा संघ ताणला जाऊन ओळखू येईनासा होतो.

मग संघाचे वय काढायचे कसे? दर सेकंदाला एक किलोमीटर वेगाने जाणारा तारा दहा लाख वर्षांत सुमारे एक पारसेक अंतर तोडतो. हा मेळ इतका सोयीचा आहे की तो लक्षात ठेवावा. संघातले तारे केंद्रापासून सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने दूर जात असतील आणि संघाची त्रिज्या पन्नास पारसेक असेल, तर त्यांचा प्रवास सुरू होऊन सुमारे पन्नास लाख वर्षे झाली. हजार कोटी वर्षांच्या आकाशगंगेत पन्नास लाख वर्षे म्हणजे दोन हजारांतला एक भाग. याचा अर्थ ताऱ्यांचे जन्म आपल्या डोळ्यांसमोर चालू आहेत, आणि तेही एकेकट्याने होत नसून गटागटाने होत आहेत. या साऱ्या मांडणीत तारा ऊर्जा कशी निर्माण करतो, त्याचे इंधन किती दिवस पुरते, यांपैकी काहीही गृहीत धरावे लागत नाही, आणि मला त्यातले खरे सौंदर्य हेच वाटते. अणुकेंद्रीय इंधनाच्या हिशेबानेही हे तेजस्वी तारे अल्पायुषी ठरतात. दोन पूर्णपणे वेगळ्या वाटा एकाच मुक्कामी पोहोचतात.

पडताळा लवकरच आला. आद्रियान ब्लाउ या डच खगोलशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये ययातीतील एका संघाच्या ताऱ्यांच्या गती मोजल्या, तेव्हा ते खरोखरच एकमेकांपासून दूर जाताना आढळले आणि त्यांचे मार्ग मागे नेल्यावर वय सुमारे तेरा लाख वर्षे निघाले. त्यानेच अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ मॉर्गन यांच्यासह १९५४ मध्ये आणखी एक चकित करणारी गोष्ट दाखवली. सारथी या तारकासमूहातील एक निळा तारा आणि दक्षिणेकडील कपोत या तारकासमूहातील दुसरा, हे दोघे सेकंदाला सुमारे शंभर किलोमीटर वेगाने अगदी विरुद्ध दिशांना पळत आहेत, आणि दोघांच्या वाटा मागे नेल्या तर त्या मृगातल्या नवजात ताऱ्यांच्या प्रदेशात, सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी, एकत्र येतात. जन्मनक्षत्रावरून माणसाचे आयुष्य सांगणाऱ्यांनी याचा विचार करावा: ज्या नक्षत्राला ते अचल मानतात त्यातले तारे स्वतःच नुकते जन्मलेले आणि पांगत चाललेले आहेत.

अंबार्त्सुमियान सगळीकडेच बरोबर होता असे मात्र नाही. हे तारे कशापासून बनले, या प्रश्नावर त्याचे मत असे होते की अतिशय दाट अशा एखाद्या अज्ञात द्रव्याच्या विघटनातून ते बाहेर पडत असावेत. तारे थंड आणि विरळ वायूच्या ढगांच्या आकुंचनातून जन्मतात, हे आता निरीक्षणांनी पक्के झाले आहे. मोठे तारे पेटले की त्यांचे वारे आणि अतिनील किरण उरलेला वायू उधळून लावतात, त्या वायूचे गुरुत्वाकर्षण नाहीसे होते आणि घोळका सुटतो. २०१३ मध्ये सोडलेल्या गाया या उपग्रहाच्या मोजमापांवरून असेही दिसते की अनेक संघ एका बिंदूतून फुटलेले नसून लहान-लहान उपसमूहांचे बनलेले आहेत. संघ तरुण आहेत, हा निष्कर्ष मात्र तसाच उभा आहे.

दाट द्रव्याच्या याच कल्पनेने त्याला एका वेगळ्या ठिकाणी फळ दिले. दीर्घिकांची, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकाविश्वांची, केंद्रे शांत नसून तेथे प्रचंड उत्पात घडतात आणि द्रव्य बाहेर फेकले जाते, असे त्याने १९५८ मध्ये ब्रसेल्सच्या सॉल्वे परिषदेत मांडले. या उत्पातांचे कारण त्याने चुकीचे दिले होते; आज त्या जागी महाकाय कृष्णविवरे मानली जातात. पण घटना त्याने अचूक ओळखली होती. फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह जयंत नारळीकरांनी १९९३ मध्ये महास्फोटाच्या सिद्धांताला पर्याय म्हणून विश्वाचे जे प्रारूप मांडले, त्यात दीर्घिकांच्या केंद्रांतून द्रव्य बाहेर येते या अंबार्त्सुमियानच्या विचाराला मानाचे स्थान होते. ते प्रारूप बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारले नाही.

ब्युराकानमधील त्याचे सहकारी बेंजामिन मार्कारियान यांनी हे उत्पात शोधण्याचा चिवट मार्ग निवडला. एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीच्या तोंडावर लोलक बसवला की छायाचित्रात प्रत्येक ताऱ्याच्या आणि दीर्घिकेच्या जागी तिचा चिमुकला वर्णपट उमटतो. १९६५ ते १९८० या काळात अशा काचेच्या तबकड्यांवर आकाशाचा सतरा हजार चौरस अंशांचा भाग टिपला गेला, आणि त्यातून अतिनील प्रकाशात अनपेक्षितपणे उजळ असलेल्या सुमारे पंधराशे दीर्घिका निवडण्यात आल्या. युनेस्कोने २०११ मध्ये हे सर्वेक्षण 'जगाची स्मृती' या नोंदवहीत समाविष्ट केले. यादीतील ४२१ क्रमांकाची दीर्घिका सुमारे चाळीस कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या केंद्रातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सुटणारा झोत आपल्याच दिशेने रोखलेला आहे, आणि १९९२ मध्ये ती अत्युच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांत दिसलेली आकाशगंगेबाहेरची पहिली वस्तू ठरली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने माउंट अबूवर उभारलेल्या टॅक्टिक दुर्बिणीने तिच्या भडक्यांची निरीक्षणे केली आहेत.