मनगट मोडलं, पण अपघात झालाच नाही

गेल्या पावसाळ्यात नागपुरात मनीषनगरकडच्या एका आतल्या वळणावर माझी स्कूटी घसरली. कुणाच्या तरी बांधकामाची रेती डांबरावर पसरली होती. ब्रेक दाबला आणि पुढचं चाक निसटलं. डावं मनगट मोडलं. दवाखान्यात कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, ‘गाडीवरून पडल्या’. पोलिसांत कळवायचं का, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. फिर्याद द्यायची तरी कुणाविरुद्ध? रेतीविरुद्ध?

गंमत म्हणजे कायद्याच्या भाषेत हाड मोडणं ही ‘गंभीर दुखापत’. म्हणजे त्या वर्षीच्या देशातल्या गंभीर जखमींमध्ये मी हवी होते. मी तिथे नाही, कारण आपल्याकडे अपघाताचा आकडा पोलीस ठाण्यात, एफआयआरच्या पोटी जन्माला येतो. तिथून तो जिल्हा, राज्य करत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात पोचतो. गुन्हा दाखल झाला नाही, तर सरकारच्या लेखी अपघातही झाला नाही.

माझ्यासारखे किती असतील? २०२२ च्या अहवालात ४,६१,३१२ अपघात, १,६८,४९१ मृत्यू आणि ४,४३,३६६ जखमी आहेत. म्हणजे एका मृत्यूमागे अडीचपेक्षा थोडे जास्त जखमी. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये १,७११ जण रस्त्यावर मेले आणि मृत-जखमी मिळून आकडा होता १,३५,४८०. तिथे एका मृत्यूमागे ७८ जखमी पडतात. आपल्याकडे दुचाक्या आणि पायी चालणारे जास्त, हेल्मेट डोक्यापेक्षा आरशालाच जास्त लटकलेलं, उपचारांना उशीर. त्यामुळे मरणाचं प्रमाण जास्त असणारच. पण तीसपट? आपल्या नोंदीत न दिसणारे बरेच जण जखमी झाले, प्लास्टर घालून घरी गेले, इतकंच.

मृत्यू तरी नीट मोजले जातात का? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१६ मध्ये भारतात २,९९,०९१ जण रस्त्यांवर मेले. आपली नोंद होती १,५०,७८५. २०२१ साठी अंदाज २,१६,६१८ आणि नोंद १,५३,९७२. अंदाज हा अंदाजच, तो गणिती प्रारूपातून येतो आणि त्यावर वाद घालता येतो. पण मृत्यू नोंदीतून कसा निसटू शकतो, हे समजायला नागपूरसारखी जागा नाही. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, पलीकडे छिंदवाडा, बालाघाट. डोक्याला मार लागलेला पेशंट शेवटी ‘मेडिकल’ला नाहीतर ‘मेयो’ला, म्हणजे नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत येतो. समजा, अपघात गोंदियातल्या एका ठाण्याच्या हद्दीत झाला आणि कागदावर ‘जखमी’ लिहिलं गेलं. तो माणूस सतराव्या दिवशी नागपुरात दगावला. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे अपघातानंतर ३० दिवसांच्या आतला मृत्यू हा रस्त्यावरचाच मृत्यू. पण तसा तो मोजला जायला नागपूरचा कागद गोंदियाच्या त्या ठाण्यात जायला हवा आणि तिथल्या अंमलदाराने जुनी नोंद उघडून ‘जखमी’चं ‘मृत’ करायला हवं.

न सापडलेल्यांची संख्या काढायची एक सुरेख युक्ती आहे आणि तिचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. १९४९ मध्ये सी. चंद्रशेखरन आणि विल्यम डेमिंग यांनी कोलकात्याजवळच्या सिंगूरमधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींवर ती वापरली. आपण कल्पनेतले आकडे घेऊ. एका भागात वर्षभरात पोलिसांच्या यादीत ६० जखमी आहेत, दवाखान्यांच्या यादीत ८०. दोन्हीकडे असलेली नावं ४०. म्हणजे दवाखान्यांच्या ८० पैकी निम्मेच पोलिसांना सापडले. पोलिसांना निम्मेच सापडत असतील, तर त्यांचे ६० म्हणजे खरे १२०. दोन्ही याद्या एकत्र करून माणसं भरतात १००. उरलेली २० कुठल्याच कागदावर नाहीत.

यात दोन मेखा आहेत. पहिली, गंभीर जखमी सहसा दोन्हीकडे पोचतो, त्यामुळे सामाईक नावं फुगतात आणि खरा आकडा कमी निघतो. दुसरी, नावं जुळवणं. एकीकडे ‘रामटेके’, दुसरीकडे ‘रामटेककर’, तिसरीकडे ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५’. हे ‘अंदाजे’ नेहमी शून्यावर नाहीतर पाचावरच थांबतं. अंदाजे ३७ वयाचा माणूस कुणी पाहिलाय?

जागेचीही तीच कथा. ‘ढाब्याजवळ’ असा पंचनामा कोर्टात चालून जातो, रस्ता दुरुस्त करणाऱ्या इंजिनिअरला त्याचा उपयोग नाही. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा जण मेले, तर तो ‘ब्लॅक स्पॉट’. आता अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. नागपुरातून जाणारा २१.१४५८ हा अक्षांश कुणी सोयीसाठी २१.१५ लिहिला, की बिंदू सुमारे ४७० मीटर उत्तरेला सरकतो. पाचपैकी दोन अपघात असे सरकले, तर ब्लॅक स्पॉट कागदावरून गायब. रस्त्यावर तो असतोच.

कारणाचा रकाना मला सगळ्यात जास्त खटकतो. २०२२ च्या अहवालात ७१.२ टक्के मृत्यूंचं कारण ‘अतिवेग’ आहे. वेग मारतो, यात शंका नाही. पण त्या क्षणी वेग मोजला कुणी? एफआयआरला आरोपी लागतो, म्हणून कारण चालकापाशी येऊन थांबतं. दुभाजकाचं उघडं टोक, बंद पथदिवा, वळणावरची रेती यांना सहसा कलम लागत नाही.

ही गाठ सोडवायचं काम सुरू झालं आहे. आयआयटी मद्रास आणि एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेने केलेली आयरॅड ही अपघातांच्या नोंदींची प्रणाली आधी सहा राज्यांत आली आणि त्यात महाराष्ट्र होता. पोलीस घटनास्थळावरूनच मोबाइलवर फोटो आणि जागा टाकतात. आरटीओ, रस्त्याचे इंजिनिअर आणि दवाखाना आपापला भाग भरतात. पुढे त्यातूनच ई-डार, म्हणजे अपघाताचा सविस्तर इलेक्ट्रॉनिक अहवाल, आलं. २०२५ च्या कॅशलेस उपचार योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात आणि त्यासाठी ई-डार दवाखान्याच्या बिलांच्या प्रणालीला जोडलं आहे. हे मला मोलाचं वाटतं. नोंद केली की पैसे मिळतात, म्हटल्यावर नोंदी होऊ लागतील.

तरी व्याख्या हलल्या की आकडे हलतात. जुन्या दंड संहितेत २० दिवस तीव्र वेदना किंवा कामधंदा बंद, तर दुखापत गंभीर. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत १५ दिवस. रस्ते होते तसेच राहिले आणि ‘गंभीर जखमी’ थोडे वाढले, तर दचकू नका.

नागपुरात २०२१ पासून आयरास्ते नावाचा एक वेगळा प्रयोग झाला. शहर बसच्या काचेवर कॅमेरा बसवला. समोर गाडी किंवा माणूस फार जवळ आला की यंत्र चालकाला सावध करतं, आणि ती जागा नोंदवली जाते. इशारे जिथे पुन्हा पुन्हा वाजतात, तो ‘ग्रे स्पॉट’. मृत्यूची वाट पाहावी लागत नाही, एफआयआर लागत नाही. मात्र बस जिथून जाते, तेवढंच तिला दिसतं. माझ्या वळणावरून बस जात नाही. रेती तेवढी दिवाळीच्या आधी कुणीतरी उचलून नेली, बहुधा घरच्या कामाला.