हवामानबदल शिक्षण आणि आदिवासी ज्ञानपरंपरा

हवामानबदल शिकवताना आदिवासी समाजांचे निसर्गविषयक ज्ञान, भाषा व जीवनरीती यांना अभ्यासक्रमात स्थान देण्याची पद्धत. ऋतुमान, पीकपाणी, शिकार, वणव्यांचे नियंत्रण आणि भूमीशी असलेले नाते हे या ज्ञानाचे मुख्य विषय होत.

या पद्धतीचा आरंभ एखाद्या वर्षाशी बांधता येत नाही. हवामानबदलविषयक १९९२ च्या चौकट करारात शिक्षणाची तरतूद होती (अनुच्छेद ६). पारंपरिक ज्ञानाच्या जतनाची तरतूद मात्र त्याच वर्षीच्या जैवविविधता करारात आली (अनुच्छेद ८ जे). २०१५ च्या पॅरिस कराराने दोहोंची दखल घेतली, पण वेगवेगळ्या ठिकाणी: ज्ञानाची अनुकूलनाखाली, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या तरतुदीत (अनुच्छेद ७), शिक्षणाची अनुच्छेद १२ मध्ये. ही फारकत पुष्कळ अभ्यासक्रमांत तशीच उतरली आहे.

अँडीज पर्वतातील कृत्तिका-निरीक्षण हे या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण. पेरू व बोलिव्हियातील शेतकरी जूनअखेरीस, पहाटेपूर्वी डोंगरमाथ्यावरून कृत्तिका पाहतात. तारे ठळक दिसले तर पाऊस चांगला. अंधुक दिसले तर तो उशिरा आणि कमी येणार असे समजून बटाट्याची लागवड पुढे ढकलतात. सुमारे १६०८ च्या मानल्या जाणाऱ्या, अँडीजमधील क्वेचुआ भाषेतील वारोचिरी हस्तलिखितात कृत्तिकांच्या आकारावरून वर्षाचे भाकीत करण्याचा उल्लेख आहे; प्रथा त्याहून जुनी असावी. ऑर्लोव्ह, चियांग व केन या संशोधकांनी २००० मध्ये तिची कारणमीमांसा मांडली. एल निनोच्या (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या) वर्षी आकाशात उंचावर विरळ तंतुमेघ वाढतात, त्यामुळे तारे मंद दिसतात. त्याच वर्षी पुढच्या पावसाळ्यात पाऊस घटतो. वर्गात हा पाठ बहुधा ‘विज्ञानाने दुजोरा दिला’ एवढ्यावर संपवला जातो. लागवडीचा निर्णय कोण, कसा घेतो हा त्यातला मोलाचा भाग मग सुटतो.

दोन ज्ञानपद्धतींच्या संबंधाविषयी मतभेद आहेत. आदिवासी आणि वैज्ञानिक ज्ञान यांच्यात काटेकोर सीमारेषा आखता येत नाही, असे अभ्यासक अरुण अग्रवाल यांनी १९९५ मध्ये प्रतिपादन केले. कॅनडातील मिगमॉ समाजाचे ज्येष्ठ अल्बर्ट व मर्डेना मार्शल यांनी ‘दोन डोळ्यांनी पाहणे’ ही भूमिका मांडली: एका डोळ्याने आदिवासी ज्ञानाचे बळ पाहावे, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञानाचे, आणि दोन्ही डोळे एकत्र वापरावेत. अध्यापनासाठी ही भूमिका अधिक सोयीची दिसते. तीत एका ज्ञानाला दुसऱ्याच्या कसोटीवर उतरावे लागत नाही.

कॅनडातील नुनावुट प्रदेशाचा २००८ चा शिक्षण कायदा तेथील इन्युइट या आदिवासी समाजाच्या मूल्यांवर आधारलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याने तेथील आदिवासींची ऋतुचक्रे प्रसिद्ध केली असून काहींत सहा ऋतू आहेत. शाळेतील चार ऋतूंच्या तक्त्याशेजारी ती ठेवली, की ऋतू ठरवताना कोणत्या खुणा पाहायच्या हाच पाठाचा विषय होतो.

सगळे ज्ञान सर्वांपुढे मांडण्याजोगे नसते. काही ठरावीक व्यक्तींनीच किंवा ठरावीक प्रसंगीच सांगायचे असते. आदिवासींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यातील अनुच्छेद ३१ अशा ज्ञानावरील त्यांचे नियंत्रण मान्य करतो, तर अनुच्छेद १४ आपल्या भाषेत, आपल्या पद्धतीने शिक्षणव्यवस्था चालवण्याचा हक्क सांगतो. त्यामुळे पाठ रचण्यापूर्वी समाजाची संमती घेणे आणि शक्य तेथे जाणत्या ज्येष्ठांनाच शिकवू देणे आवश्यक ठरते.