घरच्यासाठी राखलेले दोन तास

दिवाळीच्या आधी राळेगावकडे जाताना रस्त्याला लागून असलेल्या एका वावरात वांगी घ्यायला थांबलो होतो. जांभळी, काटेरी, चकचकीत वांगी लगडलेली. मी तोडायला वाकलो तशी वावरातल्या बाई म्हणाल्या, "ते नका घेऊ भाऊ, ते बाजाराचं हाय. घरी न्याचं असंन तर धुऱ्याकडच्या त्या दोन तासांतले घ्या. त्याच्यावर आमी काई मारलं नाई."

तास म्हणजे पिकाची ओळ, धुरा म्हणजे वावराचा बांध. 'मारणं' म्हणजे औषध मारणं, आणि औषध म्हणजे कीटकनाशक. विषाला औषध म्हणण्याची सवय आपल्या वऱ्हाडात इतकी मुरली आहे की त्यात काही खटकतही नाही. त्या दोन तासांतली वांगी आकाराने लहान होती, चारातलं एक किडकं होतं. बाई कुणाला फसवत नव्हत्या. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी वांग्याच्या इतकी मागे लागलेली असते की एक भोक दिसलं तरी व्यापारी अख्खं कॅरेट बाजूला सारतो. बिनभोकाचं वांगं बाजारालाच हवं असतं, म्हणून त्या फवारतात.

सेंद्रिय भाजी खरंच चांगली असते का, हा प्रश्न हल्ली नागपूर-अमरावतीत दुप्पट पैसे मोजणारे लोक विचारतात. त्या बाईंनी त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. पण त्यांच्या उत्तरातलं किती विज्ञानाच्या कसोटीवर टिकतं, ते पाहायला हवं.

आधी पोषणाचं बघू, कारण तिथे गैरसमज फार आहेत. शेणखत घातलं काय किंवा युरिया घातला काय, झाडाचं मूळ नत्र (नायट्रोजन) घेतं ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियमच्या रूपात. शेणातलं नत्र जमिनीतले जीवाणू सावकाश मोकळं करतात, युरियातलं झपाट्याने मिळतं. मुळाला दोन्हींतला नायट्रेट सारखाच. त्यामुळे सेंद्रिय पालकात लोह दुप्पट असतं वगैरे दावे टिकत नाहीत. २०१२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जीवनसत्त्वांत सेंद्रिय मालाची ठळक सरशी दिसली नाही. दोन वर्षांनी न्यूकॅसल विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ३४३ शोधनिबंधांचा आढावा निघाला. त्यात सेंद्रिय पिकांमध्ये अँटिऑक्सिडंट द्रव्यं वेगवेगळ्या गटांत १८ ते ६९ टक्के जास्त, आणि कॅडमियम हा घातक धातू सरासरी ४८ टक्के कमी आढळला. अँटिऑक्सिडंट जास्त असण्याचं एक पटण्याजोगं कारण आहे. नत्र बेताचं मिळालं आणि किडीशी स्वतःच झुंजावं लागलं की झाड पानाफुलांत संरक्षक द्रव्यं अधिक तयार करतं. पण म्हणून ती भाजी खाणारा माणूस जास्त निरोगी राहतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही. माझं मत विचाराल तर पोषणासाठी दुप्पट पैसे मोजू नका. सकाळी तोडलेली साधी मेथी ही चार दिवस पिशवीत कोंबलेल्या प्रमाणित सेंद्रिय मेथीपेक्षा सरस असते, कारण तोडल्या क्षणापासून पालेभाजीतलं क जीवनसत्त्व घटायला लागतं.

आता औषधाचे अंश. इथे फरक खरा आहे. स्टॅनफर्डच्याच त्या आढाव्यात सेंद्रिय मालाच्या ७ टक्के नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले, साध्या मालाच्या ३८ टक्के नमुन्यांत. मात्र ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर जाणारे नमुने दोन्हीकडे थोडेच होते. अमेरिकेतल्या सिएटलचा एक छोटा प्रयोग मला फार बोलका वाटतो. २००६ साली तो प्रसिद्ध झाला. २३ शाळकरी मुलांना सलग पाच दिवस सेंद्रिय अन्न दिलं आणि रोज लघवी तपासली. मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकांच्या खुणा लगेच जवळजवळ नाहीशा झाल्या, आणि नेहमीचं जेवण सुरू होताच परत आल्या. म्हणजे ही द्रव्यं ताटातून शरीरात येतात आणि थांबवली की निघूनही जातात. मुलांना त्यापासून अपाय झाला की नाही, हे त्या प्रयोगाने तपासलंच नव्हतं. कर्करोगाबाबत तर मोठे अभ्यास एकमेकांशी भांडतात. फ्रान्समध्ये सुमारे ६९ हजार लोकांच्या पाहणीत (२०१८) सर्वाधिक सेंद्रिय खाणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण २५ टक्के कमी दिसलं. ब्रिटनमध्ये सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत (२०१४) एकूण कर्करोगात घट दिसली नाही. शिवाय सेंद्रिय घेणारे लोक बहुधा सुखवस्तू असतात, कमी धूम्रपान करतात. आकडेमोड करून तो फरक वजा करतात, पण पूर्ण वजा झाला याची खात्री देता येत नाही.

सरासरीचे हे आकडे परदेशातल्या देखरेखीखालच्या बाजारांचे आहेत. आपल्याकडच्या वांग्यावर किती विष आहे, हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरतं: फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस गेले.

फवारलेलं औषध ऊन, पाऊस, दव आणि झाडाच्या स्वतःच्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) विघटित होत जातं. समजा एखाद्या औषधाचं प्रमाण दर तीन दिवसांनी निम्मं होतं. तर तिसऱ्या दिवशी अर्धं, सहाव्या दिवशी पाव आणि नवव्या दिवशी आठवा हिस्सा उरतो. फळ वाढत असेल तर तेवढंच औषध जास्त वजनात पसरून आणखी विरळ होतं. या हिशेबावरूनच प्रत्येक औषधाचा प्रतीक्षा काळ ठरवलेला असतो. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे डब्यासोबतच्या घडीच्या पत्रकात छापलेलं असतं. ते पत्रक बहुतेक वावरांत धुऱ्यावरच पडलेलं सापडतं, घडी न मोडलेलं. काल संध्याकाळी फवारलेलं वांगं आज पहाटे तोडून बाजारात आलं, तर सुरक्षित मर्यादेचं सगळं गणितच मोडून पडतं.

आणि सगळी औषधं सालावर राहत नाहीत. काही आंतरप्रवाही असतात. पानावर पडली की रसात शिरतात आणि झाडभर फिरतात. मोनोक्रोटोफॉस हे तसंच, आणि जहालही. भाजीपाल्यावर ते वापरायला २००५ सालापासून बंदी होती. २०१३ साली बिहारमध्ये शाळेतल्या माध्यान्ह भोजनात हेच विष मिसळलं गेलं आणि २३ मुलं दगावली. आंतरप्रवाही औषध धुऊन जात नाही. सालावरचं मात्र बरंचसं जातं. २०१७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सफरचंदांवर केलेल्या प्रयोगात लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून फळं १२ ते १५ मिनिटं ठेवली, तर दोन औषधांचे सालावरचे अंश निघून गेले. पण सालाच्या आत मुरलेला भाग तसाच राहिला.

गावाकडचं ते सगळं निर्मळ, अशी शहरातल्या पाहुण्यांची समजूत असते. मला तिची काळजी वाटते. आपल्याकडे पऱ्हाटीतच, म्हणजे कपाशीतच, अंबाडी, बरबटी (चवळी), काकडी लावायची रीत आहे. पऱ्हाटीवर जे मारतो ते या भाज्यांवरही पडतं. कपाशीसाठी शिफारस केलेल्या औषधाचा प्रतीक्षा काळ कपाशीचा असतो, आणि सरकी काही कुणी तिसऱ्या दिवशी फोडणीला घालत नाही. बरबटीच्या शेंगा मात्र घालतात. पावसाळ्यात धुऱ्यावर तरोटा आणि केना तरारून येतो. धुऱ्यावर तणनाशक मारलेलं असेल तर ती रानभाजी खुडू नये. दोन दिवसांत पान पिवळं पडतंच असं नाही, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

उलट 'सेंद्रिय' म्हटलं की सगळं निरुपद्रवी, हेही खरं नाही. दशपर्णी अर्क म्हणजे दहा झाडांच्या पानांचं घरगुती कीडनाशक; त्यात अनेक जण कडुनिंब, रुई, करंज यांबरोबर धोत्र्याची पानं घालतात. धोत्रा विषारीच आहे. त्यात अॅट्रोपिन असतं. गंमत अशी की शुद्ध स्वरूपात, मोजून दिलेलं अॅट्रोपिन हेच फवारणीच्या विषबाधेवर दवाखान्यात टोचलं जाणारं औषध आहे. (म्हणून कुणी धोत्रा खाऊ नये. त्याने माणूस मरतो.) कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विघटित होतं. हा त्याचा गुण आहे, आणि परत परत फवारावं लागतं ही अडचणही. जीवामृत या घरी आंबवलेल्या पातळ खतात ताजं शेण असतं. ते मुळाशी द्यावं, खुडायच्या पालेभाजीच्या पानांवर शिंपडू नये. २०११ साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई-कोलाय जीवाणूची साथ पसरली. जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक मेले. ते मोड एका सेंद्रिय शेतावरचे होते. दोष इजिप्तमधून आलेल्या बियांकडे गेला, पण सेंद्रिय असण्याने ती साथ रोखली नाही. नीट कुजलेल्या ढिगाचं तापमान ५५ अंशांच्या वर जातं आणि असे जीवाणू मरतात, म्हणून जुनं शेणखत आणि कालचं शेण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे शास्त्र आपल्याच काळ्या मातीत तयार झालं. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' या संस्थेत पऱ्हाटीची धसकटं, काडीकचरा आणि शेण यांचं खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली ती जगापुढे मांडली. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी जीवामृत देशभर नेलं, त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली.

पण ताटापाशीच थांबलो तर विदर्भातली मुख्य गोष्ट सुटून जाते. खाणाऱ्याला मिळतो तो औषधाचा आठवा-दहावा हिस्सा. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला मिळतं ते सगळंच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो जण दवाखान्यांत भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. फवारा वर धरावा लागायचा आणि खाली येणारा तुषार तोंडावर, छातीवर पडायचा. दमट उकाड्यात कुणी मास्क लावत नव्हतं. दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळली जात होती.

ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली औषधं मज्जातंतूंवर घाव घालतात. एका पेशीकडून दुसरीकडे निरोप पोचवायला शरीर अॅसिटिलकोलीन नावाचं द्रव्य सोडतं आणि निरोप पोचला की एक विकर ते लगेच साफ करतं. हे विष त्या विकरालाच जखडून टाकतं. मग निरोप थांबत नाहीत. लाळ गळते, घाम फुटतो, बाहुली टाचणीएवढी होते, श्वास कोंडतो. आणि यासाठी विष प्यावं लागत नाही. गळका पंप आणि घामाने ओलं झालेलं पाठीवरचं बनियन पुरेसं असतं. डब्यावरचा लाल त्रिकोण हा सर्वांत जहाल विषाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. हा क्रम प्रत्येक सालदाराला आणि रोजाने फवारणाऱ्या पोराला पाठ हवा. सेंद्रिय शेतीचा सगळ्यांत पक्का, वाद न घालण्याजोगा फायदा मला इथे दिसतो. शहरातल्या ग्राहकाच्या आयुष्यात किती वर्षांची भर पडेल, हे सांगता येत नाही. लाल त्रिकोणाचा डबाच घरात नसेल तर तो फवारताना माणूस मरणार नाही, हे नक्की सांगता येतं.

मग सगळ्यांनी उद्यापासून रासायनिक शेती सोडून द्यावी का? नाही. सेंद्रिय पद्धतीत उत्पादन पिकानुसार सुमारे ५ ते ३४ टक्के कमी येतं, असं २०१२ च्या एका जागतिक आढाव्यात दिसलं. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भाताचं पीक कोसळलं, आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय फिरवावा लागला. प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकाला दोन वर्षं आणि संत्र्यासारख्या फळझाडाला तीन वर्षं संक्रमणाची मोजावी लागतात. त्या काळात पीक कमी आणि भाव मात्र साध्याच मालाचा. चार एकरांच्या कोरडवाहू माणसाला हे एकट्याने झेपत नाही.

म्हणून मी बाजारात "सेंद्रिय आहे का" असं आता विचारत नाही. "शेवटचं कधी मारलं?" हे विचारतो. बहुतेक जण खरं सांगतात.

परतीच्या वाटेवर मी त्या वावरात पुन्हा थांबलो आणि धुऱ्यावरचं पत्रक उचलून बाईंना प्रतीक्षा काळाचा आकडा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "अन् वांग्याची तोड दर चौथ्या दिवशी, मंग कसं करावं?" प्रश्न रास्त होता. आम्ही बोललो ते असं: अळीने वाळवलेले शेंडे दर आठवड्याला खुडून जाळायचे. कामगंध सापळे लावायचे, म्हणजे मादीच्या वासाला भुलून नर पतंग त्यात अडकतात. तरीही फवारावं लागलं तर तोडणी झाल्याबरोबर, आणि कमी दिवसांचा प्रतीक्षा काळ असलेलंच औषध. त्यांचा मुलगा दुधाचा हिशेब लिहायच्या कॅलेंडरवर फवारणीची तारीख लिहीन म्हणाला.

यंदा पोळ्याला तिकडून गेलो तेव्हा वांग्याच्या ओळींत पिवळे सापळे लटकत होते. धुऱ्याकडचे न फवारलेले दोन तास चार झाले होते.