संध्याकाळी वाट टणक कशी होते?

हिवाळ्यात स्नोशू (पाय हिमात कमी रुतावा म्हणून बुटाखाली बांधायचा रुंद, चपटा तळ) बांधून, पायवाट नसलेल्या जंगलातून दूरच्या शिखराकडे जाणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. सकाळी गुडघाभर भुसभुशीत हिमातून धापा टाकत पाडलेली वाट संध्याकाळी परतताना फळीसारखी टणक लागते. कारण विचारलं की बहुतेक जण सांगतात, ‘वजनाने हिम वितळतं आणि पुन्हा गोठतं.’ बर्फाच्या लादीतून वजन बांधलेली तार आरपार जाते, त्या शाळेतल्या प्रयोगाची ही आठवण. पण इथे ती लागू पडत नाही.

आकडेच बघा. बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला सुमारे १३५ वातावरणांइतका दाब लागतो. पाठपिशवीसकट ८० किलोचा माणूस १४०० चौरस सेंटीमीटरच्या स्नोशूवर एका पायाने उभा राहिला, तर दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम ५७ ग्रॅम भार येतो. साध्या बुटाखाली त्याच्या पाचपट. वातावरणाचाच दाब किलोभर असतो! कणांच्या टोकांवर हा भार एकवटतो हे खरं, पण उणे दहा अंशांत वितळायला हजारावर वातावरणं हवीत; त्याच्या खूप आधी कणांचा चुरा होईल.

मग होतं काय? ताजं हिम घनमीटरला ५० ते १०० किलो भरतं, बर्फ ९१७ किलो. म्हणजे पायाखाली सुमारे नऊ दशांश किंवा त्याहूनही जास्त हवाच असते. स्नोशू हिमावर तरंगत नाही. तो रुततोच, फक्त कमी. रुतताना हिमकणांच्या नाजूक फांद्या मोडतात, हवा निघून जाते आणि कण एकमेकांना खेटतात. पावलाचं काम इथे संपतं. पुढचं काम पाऊल उचलल्यावर सुरू होतं.

त्याला सिंटरिंग म्हणतात. भट्टीत चिनी मातीचं भांडं पक्कं होतं तेव्हाही हेच घडत असतं: सगळं न वितळताच कण सांधले जातात. भट्टीला प्रचंड उष्णता लागते, मग हिमाला थंडीत हे कसं जमतं? केल्विनमध्ये मोजा. उणे दहा अंश म्हणजे २६३ केल्विन आणि बर्फ वितळतो २७३ ला. आपल्याला गारठवणारं हिम बर्फाच्या दृष्टीने जवळजवळ वितळायला टेकलेलं, तापलेलं द्रव्य आहे! त्याच्या पृष्ठभागावरचे रेणू सतत सुटत असतात, पुन्हा चिकटत असतात. बहिर्वक्र भागावरचा रेणू शेजाऱ्यांनी कमी धरलेला, म्हणून तिथला बाष्पदाब किंचित जास्त. दोन कण टेकतात त्या खाचेत पृष्ठभाग अंतर्वक्र, तिथे तो कमी. त्यामुळे वाफ टोकांकडून खाचेकडे जाते, तिथे जमते, आणि दोन कणांमध्ये बर्फाची मान तयार होते. कण जितका बारीक तितकी वक्रता जास्त आणि मान तितकी झपाट्याने जाड होते. फ्रीझरमध्ये महिनाभर पडून राहिलेले बर्फाचे तुकडे बघा: कडा गोल झालेल्या, आकार घटलेला आणि तुकडे एकमेकांना घट्ट चिकटलेले.

  

प्रत्येक हिम मात्र असं सांधत नाही. थर उथळ आणि वर कडाक्याची थंडी असेल तर जमिनीलगतच्या उबदार भागातून वाफ जोराने वर चढते आणि तळाशी मोठे, पैलूदार कण वाढतात. ओंजळीत घेतले तर जाड साखरेसारखे बोटांतून निसटतात. कितीही तुडवा, वाट लवकर बसत नाही. अर्धवट गाडल्या गेलेल्या सूचिपर्णी झाडांपासून तर लांबूनच जावं: खालच्या फांद्या हिम अडवतात, बुंध्याभोवती पोकळी राहते आणि माणूस कमरेपर्यंत, कधी त्याहून खोल आत जातो. फांद्यांत अडकलेला स्नोशू एकट्याने सोडवणं फार कठीण.

झाडी संपून उघडा माथा लागला की हिम एकदम कडक लागतं. इथे तुडवायला कुणी आलेलं नसतं. वाऱ्याने हिमकण आपटून आपटून त्यांचा बारीक चुरा केलेला असतो, आणि बारीक कण सर्वांत लवकर सांधतात. स्नोशूच्या तळाचे पोलादी दात लागतात ते इथेच.