एक लाइनमन जखमी झाला, तर एकच जागा बदलते?

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक जुना समज आहे: क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जायबंदी झाला तर हंगाम गेला, पण ऑफेन्सिव्ह लाइनमधला, म्हणजे त्याच्यापुढे उभं राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या पाच जणांपैकी, कुणी गेला तर बदली उभा केला की झालं. तसं होत नाही.

७ फेब्रुवारी २०२१चा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, घ्या. कॅन्सस सिटी चीफ्सचे दोन्ही मूळ टॅकल (लाइनच्या दोन टोकांचे खेळाडू) बाहेर होते: मिचेल श्वार्ट्झ पाठीमुळे, एरिक फिशर टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटल्याने. उजवीकडे श्वार्ट्झची जागा सांभाळणारा माइक रेमर्स डावीकडे गेला, गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूला उभा राहणारा) अँड्र्यू वायली उजवा टॅकल झाला आणि गार्डच्या जागी स्टेफन विस्निएव्स्की आला. फिशर एकटा गेला, पण जागा तीन हलल्या. शिवाय बाजू बदलली की मागे टाकायचा पाय आणि आधी लावायचा हात, दोन्ही उलटे होतात.

प्रतिस्पर्धी टॅम्पा बेने बहुतेक वेळा क्वार्टरबॅकवर चारच जण घुसवले. उरलेले सात पास रोखायला मोकळे. चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्स तीनदाच सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडला गेला, पण ईएसपीएनच्या मोजणीत त्याच्यावर दबाव आला तब्बल २९ वेळा. नुसते सॅक मोजणाऱ्यांना हे दिसतच नाही. चीफ्सचे टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणं) शून्य, हार ९-३१.

अशा लाइनच्या मदतीला टाइट एंडला (एरवी पासही घेणारा, लाइनच्या शेजारी उभा राहणारा खेळाडू) ब्लॉकिंगसाठी, म्हणजे अडवायला, थांबवता येतं, पण मग पास घ्यायला पाचाऐवजी चारच धावतात.

त्यानंतरच्या, २०२१च्या हंगामातल्या पहिल्या सामन्यात चीफ्सच्या सुरुवातीच्या लाइनमध्ये सुपर बोलच्या लाइनमधल्या पाचांपैकी एकही नव्हता.