उत्प्लावन तपासणी (भूमिगत काँक्रीट बांधकामे)

भूजल पातळीच्या खाली जाणारी टाकी, पंपघर, तळघर किंवा भुयारी मार्ग पाण्याच्या दाबाने वर उचलला जाणार नाही ना, हे आकडेमोडीने पडताळणे म्हणजे उत्प्लावन तपासणी. तत्त्व आर्किमिडीजचेच: बांधकामाने जेवढे पाणी बाजूला सारले, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल त्याला वर ढकलते. काँक्रीट पाण्याच्या सुमारे अडीचपट जड असते खरे, पण टाकीच्या पोटात हवा असते.

बाहेरून 6 मी. × 5 मी. मापाची, 3.5 मी. उंचीची, माथा जमिनीलगत असलेली टाकी घेऊ. तळ 30 सेंमी, भिंती 25 सेंमी, छत 20 सेंमी. भूजल जमिनीपर्यंत आले तर 105 घनमीटर पाणी सारले जाते. दर घनमीटरला 9.81 किलोन्यूटन धरून वर ढकलणारे बल होते सुमारे 1,030 किलोन्यूटन. काँक्रीट भरते 30.75 घनमीटर, दर घनमीटरला 25 किलोन्यूटनप्रमाणे 769 किलोन्यूटन. वजन आणि वर ढकलणारे बल यांचे गुणोत्तर 0.75. म्हणजे मातीचे घर्षण सोडले तर पाणी तळापासून 2.6 मी. चढताच रिकामी टाकी सुटते. छताचा स्लॅब ओतण्यापूर्वी तर 2.1 मी. पाणीही पुरते. त्यामुळे काम चालू असतानाची स्थिती वेगळी तपासलीच पाहिजे. खड्ड्यातले पाणी उपसणारा पंप बंद पडला आणि त्याच रात्री पाऊस झाला, तर पूर्ण झाल्यावर सुरक्षित ठरणारी टाकीही खड्ड्यात तिरकी होऊन वर येते.

सुरक्षा गुणांक, म्हणजे वरचेच गुणोत्तर, साधारणपणे 1.1 ते 1.25 ठेवतात. युरोकोड 7 मध्ये (पायाच्या डिझाइनचे युरोपीय मानक) स्थिर वजन 0.9 ने आणि पाण्याचे कायम बल 1.0 ने गुणून तुलना करतात. परिणाम जवळपास 1.1 इतकाच. वजनात फक्त हमखास राहणारेच धरायचे. आतले पाणी, यंत्रे, चल भार (माणसे, सामान असे येणारे-जाणारे वजन) वगळायचे. छतावरची माती पुढे कोणी उकरणार नाही याची खात्री नसेल तर तीही वगळावी. भिंतीलगतच्या घर्षणावर विसंबणे धोक्याचे, कारण भराव सैल असू शकतो.

वरील टाकीचा गुणांक 1.1 वर न्यायचा तर तळ खालच्या बाजूने सुमारे 80 सेंमी जाड करावा लागेल: 24 घनमीटर जादा काँक्रीट. ते स्वतःही पाणी सारते, म्हणून दर घनमीटरला निव्वळ फायदा 15 किलोन्यूटनचाच. त्याऐवजी तळाचा स्लॅब चारही बाजूंनी अर्धा मीटर बाहेर काढला, तर 3.6 घनमीटर काँक्रीट पुरते. त्या कडेवर बसणाऱ्या भरावाचे बुडीत वजन, म्हणजे पाण्याची उचल वजा करून उरणारे वजन (संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेली माती दर घनमीटरला 19 किलोन्यूटन धरून) सुमारे 350 किलोन्यूटन मिळते आणि गुणांक 1.14 होतो. जागा असेल तिथे हाच उपाय आधी पाहावा. मात्र कडेवर मातीचा भार येतो, त्यासाठी तिथली सळई मोजून घालावी लागते. जागा नसेल तर ताण घेणारे पाइल (जमिनीत खोल गेलेले खांब) किंवा जमिनीत रुतवलेले अँकर (ओढून धरणाऱ्या सळया) वापरतात.

एकूण बेरीज जुळली म्हणून काम संपत नाही. मोठ्या तळघरात उंच इमारतीखालचा भाग भक्कम बसलेला असतो, पण शेजारच्या मोकळ्या अंगणाखालचा राफ्ट (पायाचा सलग स्लॅब) पाण्याने वर फुगतो. तो भाग स्वतंत्रपणे तपासावा. शिवाय 3.5 मी. पाण्याखाली तळाच्या स्लॅबवर चौरस मीटरला 34 किलोन्यूटन दाब खालून येतो, आणि स्लॅबला तो वाकण्यातही पेलावा लागतो.

डिझाइनची भूजल पातळी ठरवणे सर्वांत कठीण. उन्हाळ्यात घेतलेल्या बोअरमधली पातळी पावसाळ्याची नसते. चिकणमातीत खोदलेला खड्डा तर सैल भरावामुळे हौदासारखा भरतो. आजूबाजूचे भूजल कितीही खोल असले तरी टाकीभोवती पाणी साचते. चिकणमातीतून पाणी हळू झिरपते म्हणून उचल कमी धरणे चूक आहे, कारण वेळ मिळाला की तळाखाली पूर्ण दाब तयार होतो.

वर आलेली टाकी पाणी ओसरल्यावर बहुधा जागेवर बसत नाही. तळाखालच्या पोकळीत गाळ शिरलेला असतो आणि जोडलेले पाइप तुटलेले असतात. म्हणून भूजल वाढू लागल्याचे दिसताच अर्धवट टाकीत मुद्दाम पाणी सोडतात, आणि साफसफाईसाठी टाकी रिकामी करायची झाल्यास आधी बाहेरची पातळी मोजतात.