तास मोजायचे कोणाचे? सॉफ्टवेअरमधील श्रमाच्या वादाची पार्श्वभूमी

सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या दमणुकीविषयीच्या चर्चेला ऑक्टोबर २०२३ मध्ये एकदम धार आली. बंगळुरूच्या एका जुन्या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले. जानेवारी २०२५ मध्ये अभियांत्रिकी व बांधकाम क्षेत्रातल्या एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांचे ९० तासांचे विधान बाहेर आले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालाने ६० तासांपलीकडचे काम आरोग्याला बाधक ठरते, असे आधीच्या अभ्यासांच्या आधारे नमूद केले. तिन्ही वेळी वाद रंगला तो शिस्त, राष्ट्रउभारणी, घरासाठीचा वेळ आणि नव्या पिढीची मानसिकता यांवर. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आधीपासून लिहिलेली आहे आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदला देणे बंधनकारक आहे, याची आठवण मात्र फार थोड्यांना झाली. याला निव्वळ विस्मरण म्हणता येणार नाही. ही मर्यादा संगणकासमोर बसणाऱ्या अभियंत्याला लागू होते की नाही, हा प्रश्न तीन दशके अर्धवट ठेवला गेला आहे, आणि तो अर्धवट राहण्यात अनेकांची सोय होती.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. साठच्या दशकात आयुर्विमा कार्यालयांत संगणक येऊ लागले तेव्हा कर्मचारी संघटनांनी त्यांना कडाडून विरोध केला, कलकत्त्यात तो विशेष तीव्र होता. बँकांमध्ये संगणकीकरणाचा मार्ग मोकळा व्हायला १९८३ चा करार व्हावा लागला. ज्या यंत्राभोवती देशातील पांढरपेशा कामगार चळवळीने एवढा मोठा लढा दिला, त्या यंत्रावर उपजीविका करणारा वर्ग पुढे जवळजवळ संघटनेविना वाढला, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. कायद्यानेही त्याला लवकरच वेगळे काढले. १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली, तेव्हा एक स्पष्टीकरण जोडण्यात आले: एखाद्या जागेत संगणक कक्ष बसवला आहे एवढ्याच कारणाने, तेथे उत्पादन प्रक्रिया चालत नसेल तर, ती जागा कारखाना ठरणार नाही. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांची योजना आली, २००० साल उजाडताना जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखांच्या दुरुस्तीचे अफाट काम मिळाले, आणि २००१ ते २००३ या तीन वर्षांसाठी अमेरिकेने परदेशी कुशल कर्मचाऱ्यांसाठीच्या एच-१बी व्हिसांची वार्षिक मर्यादा १,९५,००० पर्यंत नेली. हिंजवडीच्या शेतांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या त्या याच सुमारास. हा सगळा भाग वाचकांना ठाऊक आहे.

कमी ठाऊक असलेला भाग राज्यांच्या आयटी धोरणांचा आहे. कंपन्या खेचून आणण्याच्या स्पर्धेत राज्यांनी जमीन, वीज आणि मुद्रांक शुल्कातील सवलतींच्या जोडीला कामगार कायद्यांतली ढिलाईही देऊ केली. काही राज्यांनी या उद्योगाला लोकोपयोगी सेवेचा दर्जा दिला. तो दर्जा मिळाला की पूर्वसूचनेशिवाय संप करता येत नसे. कर्नाटकाने आयटी कंपन्यांना स्थायी आदेशांच्या १९४६ च्या कायद्यातून सूट दिली. कामाच्या वेळा, रजा, गैरवर्तनाची चौकशी, बडतर्फीची पद्धत या गोष्टी मालकाने लेखी ठरवून प्रमाणित करून घ्याव्यात, असे हा कायदा सांगत असे. संघटनांनी विरोध केल्यावर २०१४ मध्ये या सवलतीला अटी जोडल्या गेल्या: लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती असावी, तक्रार निवारण समिती असावी, आणि शिस्तभंगाच्या कारवाईची माहिती श्रम विभागाला कळवावी. मुदत पाच वर्षांची होती. २०१९ मध्ये ती वाढली, जून २०२४ मध्ये पुन्हा वाढली. बाल्यावस्थेतल्या उद्योगाला आधार म्हणून दिलेली सवलत तो उद्योग प्रौढ होऊन देशोदेशी पसरल्यावरही का चालू राहावी, याचे समाधानकारक उत्तर मला तरी कोणत्याही सरकारी कागदात आढळलेले नाही.

या सगळ्याच्या मुळाशी मात्र एक जुनी व्याख्या आहे आणि तिच्यापाशी थोडे रेंगाळल्याशिवाय पुढचा गुंता सुटत नाही. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ चे संरक्षण मिळत असे ते ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्याला. नोकरकपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाएवढी भरपाई, आणि अन्याय झाल्यास कामगार न्यायालयाचा दरवाजा, हे सारे त्या एका व्याख्येवर टांगलेले होते. मूळ व्याख्येत अंगमेहनतीचे आणि कारकुनी काम एवढेच होते. १९५६ मध्ये त्यात तांत्रिक आणि पर्यवेक्षणाचे काम आले, १९८२ च्या दुरुस्तीने तिची फेरमांडणी झाली. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम मुख्यतः करणारा बाहेर, आणि पर्यवेक्षक असून ठरावीक वेतनाच्या वर असणाराही बाहेर. ही वेतनमर्यादा १,६०० रुपये होती, २०१० मध्ये ती १०,००० झाली. हिंजवडीत नुकत्याच लागलेल्या पदवीधराचा पगारही तिच्या वर असतो, आणि म्हणून अनेकांचा असा समज झाला की आयटीतला कोणीच कामगार नाही. हा समज चुकीचा आहे. वेतनाची अट फक्त पर्यवेक्षकाला आहे. तांत्रिक काम करणाऱ्याला कायद्याने वेतनाची कोणतीही कमाल मर्यादा घातलेली नव्हती.

मग वाद उरतो तो प्रोग्रॅम लिहिणे हे तांत्रिक काम आहे का, एवढाच. वरवर पाहता प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण न्यायालयीन इतिहास तसा सरळ नाही. गोव्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये असे ठरवले की शिक्षण संस्था हा ‘उद्योग’ असला तरी शिकवणे हे व्याख्येतल्या कोणत्याच कामात बसत नाही, म्हणून शिक्षक कामगार नव्हे. १९९४ मध्ये घटनापीठाने औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींबाबत हेच सूत्र पक्के केले: कोणी व्यवस्थापक नाही एवढे दाखवून भागत नाही, व्याख्येत दिलेल्या कामांपैकी एखाद्या कामात तो बसला पाहिजे. बुद्धी, कल्पकता आणि पटवून देण्याचे कौशल्य ज्यात आहे ते काम तांत्रिक नव्हे, असा युक्तिवाद या निकालांच्या आधारे सॉफ्टवेअर अभियंत्याविरुद्धही करता येतो आणि तो केला गेला. दुसरा युक्तिवाद पदनामाचा. पाच-सहा वर्षांत अभियंता ‘लीड’ होतो, मग ‘मॅनेजर’, आणि हाताखाली एकही माणूस नसताना, रजा मंजूर करण्याचा किंवा कोणाला कामावर घेण्याचा अधिकार नसताना, ओळखपत्रावरच्या त्या शब्दाने तो कायद्याच्या बाहेर जातो, असा कंपन्यांचा दावा. न्यायालयांनी मात्र पदनाम न पाहता प्रत्यक्ष मुख्य काम काय आहे ते पाहावे, हे तत्त्व फार पूर्वीपासून मान्य केलेले आहे.

या तत्त्वाची खरी कसोटी चेन्नईत लागली. २०१४ च्या अखेरीस आणि २०१५ च्या सुरुवातीस तेथील एका मोठ्या कंपनीत मधल्या फळीतील लोकांना नारळ दिला गेल्यावर प्रकरणे न्यायालयांत गेली. २०१६ मध्ये तमिळनाडू सरकारने स्पष्ट केले की औद्योगिक विवादांचा कायदा आयटी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे आणि त्यांना संघटना स्थापन करता येते. त्या कपातीतल्या एका अभियंत्याला चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये मागील वेतनासह पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला. कंपनीचे म्हणणे तो व्यवस्थापक होता असे होते. न्यायालयाला त्याचे काम तसे दिसले नाही. निकाल यायला सात वर्षे लागली. एवढी वर्षे बिनपगारी खटला लढवण्याची ताकद शेकड्यात एखाद्याकडे असते, आणि बाकीचे समोर ठेवलेल्या राजीनाम्यावर सही करून अनुभव प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात. स्वेच्छेचा राजीनामा असला की ती कपात ठरत नाही आणि भरपाईचा प्रश्नच निर्माण होत नाही.

अभियंत्यांनाही ‘कामगार’ म्हणवून घ्यायचे नव्हते, हेही येथे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत युनियनच्या करारांवर ज्या घरांचे हप्ते फिटले, त्याच घरांतली मुले हिंजवडीत गेल्यावर युनियन या शब्दापासून चार हात दूर राहिली. परदेशी जाण्याची आशा, दर वर्षीचे अप्रेझल आणि नोकरी बदलली की मिळणारी पगारवाढ यांमुळे सामुदायिक करार ही जुनाट गोष्ट वाटणे स्वाभाविक होते. पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना उभ्या राहिल्या त्या उशिरा, आणि त्यांचे काम प्रामुख्याने श्रम आयुक्तांकडे तक्रारी नेण्याचे राहिले.

तासांच्या प्रश्नात हा गोंधळ कसा उतरतो ते टाइमशीटमध्ये दिसते. ग्राहकाला दिवसाचे आठ तास बिल करण्याचा करार असेल तर अभियंता त्या प्रकल्पावर आठच तास नोंदवतो. रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती ग्राहकाला देण्याच्या, आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत चाललेले काम कोठेही लिहिले जात नाही, कारण ते लिहिले तर प्रकल्पाचा नफा घटतो आणि अंदाज चुकला हे उघड होते. दुकाने कायदा मालकाने कामाच्या वेळांची नोंद ठेवावी असे सांगतो. अशा ठिकाणी नोंद असते, पण ती बिलाची असते, श्रमाची नसते. त्यात घड्याळाचा फरक. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. तेथील सकाळी साडेदहाची बैठक पुण्यात रात्री आठला असते, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे मागे गेली की तीच बैठक रात्री नऊची होते. कॅलिफोर्नियाचा ग्राहक असेल तर विचारायलाच नको. ऑन-कॉल, म्हणजे बोलावणे आले की तत्काळ हजर होण्याच्या पाळीवर, असलेल्या माणसाचे तर कामाचे तास कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात, हेच ठरवणे कठीण. ग्राहक प्रत्यक्ष वापरत असलेली प्रणाली कोलमडली की पहाटे तीनला फोन वाजणार, या तयारीत घालवलेला आठवडा काम आहे की विश्रांती, याचे उत्तर आपल्या कायद्यात स्पष्टपणे कोठेच नाही.

व्यवसायाने स्वतःशी केलेला विचार याहून वेगळा होता. नव्वदच्या दशकात पुढे आलेल्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या कार्यपद्धतीत ४० तासांचा आठवडा हा एक नियमच होता. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात एकत्र आलेल्या १७ जणांनी अ‍ॅजाइल या, थोड्या थोड्या टप्प्यांत सॉफ्टवेअर घडवण्याच्या पद्धतीचा जाहीरनामा लिहिला, तेव्हा त्याच्या तत्त्वांत सर्वांना कायम टिकवता येईल असा वेग असावा, हे तत्त्व घातले. आपल्याकडे त्या जाहीरनाम्यातून रोजची छोटी बैठक, म्हणजे स्टँडअप, आले, कामाचे दोन आठवड्यांचे टप्पे, म्हणजे स्प्रिंट, आले. वेगाविषयीचे तत्त्व मात्र वाटेतच गळाले. अमेरिकेतही चित्र फार उजळ नाही. तेथील संघीय कायद्याने नव्वदच्या दशकात ताशी २७.६३ डॉलर किंवा त्याहून अधिक मिळवणाऱ्या संगणक व्यावसायिकांना जादा कामाच्या मोबदल्यातून वगळले आणि तो आकडा आजवर बदललेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणाने बर्नआउटला नोकरीशी निगडित स्थिती मानले, आजार मानले नाही. या भेदाचा उपयोग कंपन्यांनी उलट्या बाजूने केला, असे माझे मत आहे. स्थिती कामातून येते असे मान्य झाले असताना उपाय मात्र माणसावर केले गेले: योगवर्ग, ध्यानाचे अ‍ॅप, समुपदेशनाची हेल्पलाइन, एखादा बैठकविरहित शुक्रवार. यातले काहीही वाईट नाही, पण मनुष्यबळ न वाढवता अलीकडे ओढलेली काम पूर्ण करण्याची तारीख यातल्या एकानेही पुढे जात नाही.

मार्च २०२० नंतर घर हेच कार्यालय झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागाने घरून काम करण्यावरचे जुने निर्बंध सैल केले. लॅपटॉप घरी आला तो टाळेबंदी उठल्यावरही रात्री बंद झाला नाही. कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याच्या हक्काचे खासगी विधेयक बारामतीच्या खासदारांनी त्याआधीच, डिसेंबर २०१८ मध्ये, लोकसभेत मांडले होते. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून लागू होता. विधेयक मागे पडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले गेले. दरम्यान २०२४ मध्ये पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीतील तरुण कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर कामाच्या ताणाचा प्रश्न देशभर गाजला. श्रम विभागाचे अधिकारी तपासणीला गेले, तेव्हा ते कार्यालय कित्येक वर्षे दुकाने कायद्याखालील नोंदणीशिवायच चालू होते, असे आढळले. तासांच्या उल्लंघनाचा प्रश्न दूरच. तास मोजायला जायचे कोठे, याचीच शासनदरबारी नोंद नव्हती.

त्यानंतरच्या घडामोडी दिशा स्पष्ट करणाऱ्या आहेत. कर्नाटकात जुलै २०२४ मध्ये दिवसाचे काम १४ तासांपर्यंत नेऊ देणारा प्रस्ताव संघटनांच्या विरोधामुळे अडला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी दैनिक मर्यादा ९ वरून १० तास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तास करण्यास मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांची जागा घेणाऱ्या केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या, आणि सरकारी निवेदनात आयटी कर्मचाऱ्यांसाठी महिन्याच्या ७ तारखेपर्यंत पगार हा ठळक लाभ म्हणून सांगितला गेला. सेवा क्षेत्रासाठीच्या नमुना स्थायी आदेशांचा जो मसुदा केंद्राने २०२० च्या अखेरीस काढला होता, त्यात आयटीतील कामाचे तास मालक व कर्मचारी यांच्यातील करारानुसार किंवा नेमणुकीच्या शर्तींनुसार राहतील, असे म्हटले होते. नव्या औद्योगिक संबंध संहितेतील व्याख्येत तांत्रिक, कारकुनी वगैरे जुने शब्द कायम आहेत, पर्यवेक्षकाची वेतनमर्यादा १८,००० रुपये झाली आहे, आणि श्रमिक पत्रकार व विक्री संवर्धन कर्मचारी यांचा नावानिशी समावेश आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा तसा उल्लेख नाही.